ओल्ड स्कूल रूनस्केप: जुनंच परत द्या म्हणाले आणि खरंच दिलं

ग्राफिक्स बघून नाक मुरडू नका, चौकोनी तोंडाची माणसं आहेत मान्य, पण एमएमओ, म्हणजे हजारो लोक एकाच जगात ऑनलाइन खेळतात तसले गेम, आवडत असतील तर हा गेम खेळाच. साध्या फोनवर पण मस्त चालतो आणि मोबाईल-पीसीला एकच अकाउंट.

सगळ्यात भारी म्हणजे क्वेस्ट, म्हणजे गोष्टीतून मिळणारी कामगिरी. सुरुवातीचीच घ्या, लंब्रिज नावाच्या सुरुवातीच्या गावातल्या किल्ल्यातल्या आचाऱ्याला ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचाय, त्याला अंडं, दूध, पीठ आणून द्यायचं. पीठ आयतं नाही मिळत, शेतातून गहू तोडा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर जाऊन टाका, लिव्हर ओढा, मग खाली येऊन भांड्यात भरा. एवढंसं काम पण आपण स्वतः केल्यासारखं वाटतं, नुसतं स्क्रीनवरच्या वाट दाखवणाऱ्या मार्करच्या मागे धावायचं नाही.

हिस्टरी पण माहीत पाहिजे. मूळ रूनस्केप हा अँड्र्यू गोवरनं भाऊ पॉलला घेऊन बनवलेला गेम, २००१ ला आला, तेव्हा ब्राउझरमध्येच जावावर चालायचा. मग खऱ्या पैशात गोल्ड, म्हणजे गेममधला पैसा, विकणाऱ्यांना रोखायला कंपनीनं म्हणजे जॅगेक्सनं २००७ च्या डिसेंबरात वाइल्डरनेस या भागातली प्लेअरांची आपसातली मारामारी काढून टाकली, आणि २००८ च्या जानेवारीत फ्री ट्रेड, म्हणजे आपसात हवी तशी देवघेव, पण गेला, लोक जाम भडकले, ते परत यायला २०११ उजाडलं. वर २०१२ ला फायटिंग सिस्टीमच बदलली, क्लिक करून लढायचं सोडून अ‍ॅबिलिटीची बटणं, आणि कितीतरी जुने प्लेअर सोडून गेले. शेवटी २०१३ ला पोल घेतला, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून जुना गेम वेगळा चालू केला. तोच हा. तेव्हापासून नवीन काही मोठं टाकायचं तर आधी प्लेअरांचं मत घेतात, पूर्वी ७५ टक्के लागायचे आता ७०, म्हणून गेमची वाट लागली नाही असं माझं ठाम मत आहे.

ग्राइंड, म्हणजे तेच तेच काम परत परत करणं, मात्र प्रचंड. एका स्किलच्या ९९ या लेव्हलला १ कोटी ३० लाखांवर एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) लागतो, आणि ९२ ला पोचलात म्हणजे जेमतेम अर्धं झालं. घाई असणाऱ्यांना नाही झेपणार. फ्रीमध्ये मॅप पण छोटाच मिळतो आणि बरीच स्किल्स बंद असतात, तरी आधी तिथेच खेळा, आवडलं तर मेंबरशिप घ्या, गोल्ड साठलं की बाँड, म्हणजे मेंबरशिपमध्ये बदलता येणारी वस्तू, घेऊन पण भरता येते. आणि पहिलंच अकाउंट आयर्नमॅन, म्हणजे सगळं एकट्यानं मिळवायचं त्या प्रकारचं, काढू नका, कोणाशी ट्रेड करता येत नाही, नवीन माणूस वैतागून सोडून देतो.