मूळ म्हणून विकलेली नक्कल: रेझिन फिगर्स मागवणाऱ्यांसाठी

डायोरामा, म्हणजे एखाद्या प्रसंगाचा छोटा देखावा, करणाऱ्याला मॉडेलचा रणगाडा कुठेही मिळतो, माणसं मिळत नाहीत. प्लॅस्टिक किटमधले सैनिक बरेचदा ताठ, ठोकळेबाज. चेहरा आणि हात जिवंत हवे असतील तर रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या पदार्थाच्या, फिगर्स (माणसांच्या छोट्या मूर्ती) शोधाव्या लागतात, आणि भामटे नेमके तिथेच टपून बसलेले असतात.

माझा विषय होता स्टालिनग्राड, १९४२ची शरदातली लढाई. कारखान्याची पडकी भिंत, विटांचा खच आणि त्याआडून पुढे सरकणारी सोव्हिएत रेड आर्मीची तुकडी, प्रमाण १:३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे उत्पादन बंद झालेला फिगर्सचा एक संच दिसला. ‘ओरिजिनल, शेवटचा नग’ असं लिहिलेलं. सोबत ‘स्टालिनग्राड कॉम्बो’ म्हणून एक जर्मन पॅन्झर-४ रणगाडाही तो गळ्यात मारू पाहत होता. फोटोतल्या त्या रणगाड्यावर झिमेरिटचा खरबरीत लेप होता. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन हा लेप लावायला लागले ते १९४३च्या उत्तरार्धात. स्टालिनग्राडमधल्या शेवटच्या जर्मन तुकड्या तर २ फेब्रुवारी १९४३लाच शरण आल्या होत्या. असो, इतिहास कच्चा असणं हा काही गुन्हा नव्हे. रणगाडा मला नको होता, मी फक्त फिगर्स घेतल्या.

पिशवी उघडली आणि कळलं की हे रीकास्ट आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी मूळ संच एकदाच विकत घेतो, त्यावरून सिलिकॉनचा साचा काढतो आणि हलक्या दर्जाचं रेझिन ओतून प्रती विकत सुटतो. मूळ शिल्पकाराला दमडी मिळत नाही. ओतताना आकार किंचित आकसतो, कडा बोथट होतात. नकलेवरून पुन्हा नक्कल काढली असेल तर विचारूच नका.

पीपीएसएच-४१ या सोव्हिएत सबमशीन गनच्या नळीवरच्या आवरणात लांबट खाचा असतात. इथे त्या बुजून नळीचा सरळ दांडका झालेला. सैनिकांच्या तेलोग्रेइकाच्या, म्हणजे कापूस भरलेल्या कोटाच्या, उभ्या शिवणी छातीवर जेमतेम दिसत होत्या आणि पाठीवर गायबच. एकाची बोटं एकमेकांत वितळून हाताचा नुसता गोळा झाला होता. दुसऱ्याच्या गालावरून साच्याची रेघ थेट डोळ्यातून गेलेली. भिंगाखाली धरलं तर हनुवटीखाली हवेच्या बुडबुड्यांची भोकं.

मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेणारं साधन, काढला. फिगरची उंची मोजून काही सिद्ध होत नाही, माणसं बुटकी-उंच असतातच. शस्त्र मोजायचं. मोसिन-नागांत ९१/३० रायफल संगिनीशिवाय १२३२ मिलिमीटर, म्हणजे १:३५मध्ये साधारण ३५.२. माझ्याकडच्या रायफली ३४च्याही आत होत्या, आणि एकाच संचातल्या दोन रायफली एकमेकींशीही जुळत नव्हत्या. मूळ शिल्पकाराचं माप चुकू शकतं, मान्य. पण एकाच पिशवीत दोन वेगळी मापं?

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर तत्परतेनं आलं: “सर, रेझिन असंच येतं. साबणाच्या पाण्यात धुवा, प्राइमरचा एक हात मारा, डिटेल उठून दिसेल.” सल्ला ऐकायला रास्त वाटतो, कारण रेझिन धुवावं लागतं आणि प्राइमरनं, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरानं, बारकावे दिसतात हे दोन्ही खरंच आहे. एका फिगरवर प्राइमर मारला. तो चिकटच राहिला, पुसला तर सालीसारखा निघाला. आतलं रेझिनच नीट घट्ट झालेलं नव्हतं. हे कळवल्यावर गडी बदलला. “रंग लावलेला माल परत घेतला जात नाही.” प्राइमरचा सल्ला होता तो यासाठी!

मी तक्रार नोंदवली. पुढचा डाव वेळ काढण्याचा. बदली संच पाठवतो, तेवढी तक्रार मागे घ्या, अशी गोड विनवणी सुरू झाली. मी तक्रार मागे घेतली नाही. तरी ‘वस्तूत ग्राहकाने बदल केला’ या कारणावर ती फेटाळली गेली, पुरावा म्हणून माझाच प्राइमरवाला फोटो जोडून.

तेव्हा पैसे देण्याआधी सुट्या भागांचा फोटो मागा, ओतताना भागांना जोडून राहणारे ठोकळे न कापलेले, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. रंगवलेल्या फिगरचा देखणा फोटो मूळ संचाचा असतो, तुम्हाला येणाऱ्या मालाचा नव्हे. ‘पाकीट सीलबंद आहे, उघडता येत नाही’ असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि शंका असेल तर धुणं, घासणं, करवत, प्राइमर, काहीही करू नका. विक्रेत्यानं कितीही प्रेमानं सांगितलं तरी. बंद झालेल्या संचाबद्दल मूळ उत्पादकाला सरळ विचारता येतं. मी नंतर विचारलं. फोटो बघून त्यांनी लगेच सांगितलं की आमच्या संचात रायफली वेगळ्या ओतलेल्या असतात, हाताला चिकटलेल्या नसतात.

तो विक्रेता आता दुसऱ्या नावानं आहे. जाहिरातीत तोच झिमेरिटवाला पॅन्झर आहे, आणि ‘शेवटचा नग’ अजून संपलेला नाही.