काम अर्धवट ठेवून उठायचंय: लॉक, स्लीप, हायबरनेट की साइन आउट?

विंडोजच्या डेस्कटॉपवरून उठताना हे चार पर्याय समोर असतात. सेव्ह न केलेल्या फाइलचं काय होणार, हे मात्र प्रत्येक पर्यायात वेगळं आहे. निवड करताना दोनच गोष्टी बघा: या कॉम्प्युटरवर दुसरं कुणी बसणार आहे का, आणि तुमच्याकडे लाइट किती भरवशाची आहे.

पाच-दहा मिनिटांसाठी उठताय तर लॉक पुरे. विंडोज की आणि एल दाबलं की झालं, प्रोग्रॅम जसेच्या तसे चालू राहतात. धोका दोन बाजूंनी येतो. एक, लाइट जाणं. दुसरा, मागून कुणीतरी स्वतःच्या लॉगिनने आत येऊन मशीन बंद करणं. अशा वेळी विंडोज ‘अजून कुणीतरी हा पीसी वापरतंय’ असं बजावतं, पण तरीही बंद करण्याचं बटण तिथेच असतं.

स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत राहतं आणि रॅमला सतत वीज लागते. बऱ्याच डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप चालू असतं, त्यात एक प्रत डिस्कवरही लिहिली जाते. तुमच्या मशीनवर ते चालू आहे का, हे पॉवर ऑप्शन्समध्ये तपासल्याशिवाय स्लीपवर रात्र काढू नका. लोडशेडिंगच्या गावात तर नकोच.

माझं स्पष्ट मत हायबरनेटच्या बाजूने आहे. रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं, मग मशीन पूर्ण बंद होतं. प्लग काढला तरी सकाळी अर्धवट वाक्यावर कर्सर तसाच लुकलुकत असतो. इतकी चांगली सोय, पण विंडोज १० आणि ११ मध्ये ती मेनूत सहसा दिसतच नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जा, बंद असलेल्या सेटिंग्ज खुल्या करणारी वरची ओळ दाबा आणि हायबरनेटवर टिक करा. डिस्कवर रॅमच्या साधारण ४० टक्के जागा जाते, म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर सव्वातीन जीबीच्या आसपास. ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणजे हायबरनेट नव्हे. त्यात आधी तुमचे प्रोग्रॅम बंदच होतात.

कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, एकाच मशीनवर दोन शिफ्ट चालणारं ऑफिस, इथे साइन आउटला पर्याय नाही, आणि खरी काळजी इथेच घ्यायला हवी. साइन आउट म्हणजे आपले सगळे प्रोग्रॅम बंद करून खात्यातून बाहेर पडणं, आणि ते करताना बंद व्हायला तयार आहेस का, असं विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला विचारतं. एखाद्याने अडवलं की त्याचं नाव पूर्ण स्क्रीनवर येतं आणि खाली दोन बटणं: ‘साइन आउट एनीवे’ आणि ‘कॅन्सल’. घाईत पहिलं दाबलं जातं आणि काम तिथेच जातं. कॅन्सल करा, त्या विंडोत जाऊन कंट्रोल एस मारा, मग बाहेर पडा.

सगळे प्रोग्रॅम सारखे वागत नाहीत. नोटपॅड प्लस प्लस अधूनमधून स्वतःच प्रत ठेवतो आणि पुढच्या वेळी न सेव्ह केलेला मजकूरही परत उघडतो. वर्ड मुळात दर १० मिनिटांनी रिकव्हरीची प्रत ठेवतो. तो अवधी १ मिनिटावर आणून ठेवा. फाइल वनड्राइव्हवर असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल तर ही धास्ती बरीच कमी होते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र व्हाउचर ॲक्सेप्ट केल्याशिवाय एंट्री बुकात जात नाही. वीस ओळींचं बिल अर्धं भरून उठलात तर ते पुन्हा भरायची तयारी ठेवा.

अजून एक सापळा आहे. रात्री डाउनलोड लावून ‘तासाभराने बंद हो’ अशी शटडाउन कमांड अनेकजण देतात. वेळ शून्यापेक्षा जास्त दिली की ती कमांड प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करते, सेव्ह करायचं का असं विचारायला थांबत नाही. शटडाउन झटपट व्हावं म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींमध्ये, ‘ऑटो एंड टास्क्स’ १ करायचा सल्लाही असाच घातक आहे, कारण अडवणारा तो स्क्रीनच मग आडवा येत नाही.

हायबरनेट निवडलंत तर एवढं पाळा: पेनड्राइव्हवरची फाइल उघडी ठेवून जाऊ नका. मधल्या वेळात कुणी तो काढून नेला, तर सकाळी फाइल स्क्रीनवर दिसेल पण सेव्ह करायला मूळ जागाच नसेल. आधी ती हार्डडिस्कवर कॉपी करून तिथूनच उघडा.