जिल्ह्यातल्या सहलीच्या ठिकाणांची फुकट पुस्तिका: माहिती झकास, पण लोकांच्या हातात कधी पडणार?

बेळगाव जिल्ह्यातल्या बागा, धबधबे, किल्ले, धरणं असं सगळं एकत्र असलेली 40 पानांची पुस्तिका नी सोबत घडीचा नकाशा, फुकट आहे म्हणून एका सरकारी ऑफिसातून घेऊन आलो, दोन महिने वापरली, आता लिहितोय. 5 पैकी 3 स्टार.

आधी चांगलं सांगतो, कारण ज्यानं कुणी माहिती गोळा केलीय त्यानं खरंच फिरून केलीय. गोकाक धबधब्याच्या पानावर नुसतं 52 मीटर उंची नी झुलता पूल एवढंच नाही, तर घटप्रभेला पाणी जुलै ते सप्टेंबर भरपूर असतं, उन्हाळ्यात नुसता खडक बघायला मिळेल हे स्पष्ट लिहिलंय, आणि 1887 साली इथल्या पाण्यावर वीज तयार केली हेपण आहे. तिथनंच पुढं मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा एकाच दिवसात कसा जोडायचा ते दिलंय. आम्ही तसंच केलं, आत्याला घेऊन, सकाळी सहाला निघून दिवे लागायच्या आत घरी. बेळगावच्या किल्ल्याचं पानही छान, 1204 मधली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, नी तिच्या छतातलं दगडी कमळ, फोटो इतका स्वच्छ की पाकळ्या मोजता येतील. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खोदलेली, रोज बाजूनं जाणाऱ्या पोरांनापण माहीत नसतं, ते इथं आलंय याचा आनंद झाला.

आता राग कशाचा ते. भीमगड अभयारण्याला दोन पानं दिलीत, 2011 साली घोषित झालं, बारापेडे गुहेतली दुर्मिळ वटवाघळं, सगळं आहे, पण आत जायला वनखात्याची परवानगी लागते हे एका ओळीतही नाही. आम्ही पोरंबाळं, डबे घेऊन हेमाडग्यापर्यंत गेलो नी गेटवरून परत. गार्ड बिचारा नीट बोलला, त्याची काय चूक, पण धाकटा परत येताना जांबोटीपर्यंत रडत होता. एवढी एक ओळ छापायला किती शाई लागली असती?

नकाशाचा कागद पातळ, नी घडी नेमकी खानापूरवरनं जाते. दोन पावसात हलशी पुसली गेली, जुन्या कदंब राजांची पलाशिका, 12 व्या शतकातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ जिथं आहे ते गावच नकाशावर राहिलं नाही. मधली आठ पानं हॉटेलांच्या नी सराफांच्या जाहिराती. जाहिरातीवर छपाई निघत असेल तर माझी तक्रार नाही, पैसा कुठनंतरी यायलाच पाहिजे, पण मग तो नुसता गुळगुळीत कव्हरवर का घालायचा, नकाशाला जरा जाड कागद घ्या की.

सगळ्यात मोठी गोष्ट वाटपाची. मी गेलो तेव्हा टेबलाखाली सुतळी न सोडलेले दोन गठ्ठे पडलेले, नी ऑफिस रविवारी बंद, म्हणजे ज्या दिवशी माणूस फिरायला निघतो त्याच दिवशी पुस्तिका कुलपात. स्टँडच्या चौकशी खिडकीवर, रेल्वे स्टेशनवर, बागांच्या तिकीट खिडकीवर ठेवा, वाटल्यास 20 रुपये किंमत लावा, त्यातनं पुढची छपाई निघेल, लोक घेतील, मी घेईन.

आणि भाषा. पुस्तिका कन्नड नी इंग्रजीत आहे. आमची आत्या बाजारात, बसमध्ये कन्नड फाडफाड बोलते, पण वाचता येत नाही, शाळा मराठीत झाली तिची. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यात अशी माणसं घराघरात आहेत. कन्नड काढा असं कोण म्हणतंय, तिसरी भाषा घाला एवढंच म्हणणं आहे. जिथं अल्पभाषिक 15 टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायचं देशपातळीवर कधीच ठरलेलं आहे, तर धबधब्याजवळ पाय घसरतो ही सूचना महत्त्वाची नाही का?

मी निळ्या पेननं नकाशावर सगळी नावं मराठीत लिहून दिलीत आत्याला. हलशीपण परत लिहिली. आता ती नकाशा पिशवीत बाळगते नी रोज विचारते, सोगलच्या धबधब्याला कधी जायचं.