घरच्या रोजच्या वाचनासाठी ज्ञानेश्वरी घ्यावी की दासबोध?

ज्या घरात रात्रीच्या जेवणानंतर जेमतेम पंधरा मिनिटे सगळे एकत्र बसतात, तिथे ग्रंथाची निवड विचारपूर्वक करावी लागते. नाहीतर हौसेने उघडलेली पोथी महिन्याभरात पुन्हा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जाऊन बसते.

दासबोधाचे 20 दशक म्हणजे विभाग आणि प्रत्येकात 10 समास म्हणजे छोटी प्रकरणे, तेव्हा रोज एक समास वाचला तर 200 दिवसांत ग्रंथ पुरा होतो. समास सरासरी चाळीसेक ओव्यांचा असून बहुतेक वेळा विषय एका बैठकीत संपतो, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी धागा तुटत नाही. शके 1212 म्हणजे इ.स. 1290 मध्ये नेवाशात सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000 आहेत आणि रोज दहा वाचल्या तर अडीच वर्षे लागतात. शिवाय तिच्यात दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात, आणि मध्येच थांबले की मूळ मुद्दा कोणता होता हेच मुलांना आठवत नाही.

आमच्याकडे सुरुवात दासबोधाच्या दुसऱ्या दशकापासून, मूर्खलक्षणांनी केली. दोघे बोलत असताना तिसरा मध्ये जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोके खाजवतो, तोही एक मूर्ख, हे वाचल्यावर मुलगी खळखळून हसली आणि मग गंभीर होऊन म्हणाली, “आई, मूर्ख कोण ते कळलं, पण शहाणा कोण?” पुढचाच समास उत्तमलक्षणांचा आहे, तो तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून काढून ठेवला होता. त्यानंतर नेटका प्रपंच करण्यास सांगणारा बाराव्या दशकाचा पहिला समास आणि अक्षर कसे काढावे हे शिकवणारा एकोणिसाव्याचा पहिला समास घ्यावा. तिसऱ्या दशकाच्या आरंभीचे जन्मदुःखाचे वर्णन लहान मुलांसमोर वाचू नये, आणि सातव्या-आठव्या दशकातील ब्रह्ममायेचे निरूपण मोठ्यांनाही जड जाते.

तरीही स्वतःच्या श्रद्धेसाठी मी ज्ञानेश्वरीच निवडीन. दासबोध कसे वागावे ते स्पष्ट सांगतो. ज्ञानेश्वरी मनालाच हात घालते. भावकीतल्या एका वादाने माझे मन कडवट झाले होते, त्या दिवसांत पहाटे एकटीने बारावा अध्याय वाचत असताना वृक्षाची ओवी आली: लावणाऱ्याला आणि कुऱ्हाड घालणाऱ्याला झाड एकच सावली देते. त्या ओवीपुढे मला चार दिवस जाता आले नाही, आणि वाद मिटला नसला तरी त्या माणसांशी पुन्हा बोलण्याचे बळ मला तिथूनच मिळाले.

म्हणून एकत्र बैठकीसाठी दासबोध घ्यावा आणि पहाटेच्या एकांतासाठी ज्ञानेश्वरी घ्यावी, तीही पहिल्या अध्यायापासून न उघडता बाराव्यापासून. तो गीतेच्या अवघ्या 20 श्लोकांवरचा असल्याने आटोपशीर आहे. तेराव्या शतकातली मराठी आज सहज उलगडत नाही, तेव्हा प्रत सार्थच, म्हणजे ओव्यांसोबत अर्थ दिलेली हवी. सात दिवसांचे पारायण जरूर करावे, पण त्यात मध्येच थांबून प्रश्न विचारण्यास वाव राहत नाही, त्यामुळे ते नित्यवाचनाची जागा घेऊ शकत नाही. घरात अक्षरओळख नसलेले मूल असेल तर या दोन्हींच्या आधी हरिपाठ घ्यावा, कारण तो टाळ्यांच्या ठेक्यावर नुसता ऐकूनही पाठ होतो.