सिव्हिलचं एआरटी सेंटर : पाचपैकी चार

जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पेशंट माझे धाकटे दीर आहेत, आणि आमच्या गावात बातमी एसटीच्या आधी पोचते. पण सरकारी एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून लिहितेय.

भाऊजींच्या मानेला गाठी आल्या होत्या. संध्याकाळी ताप, वजन 45 किलोवर आलेलं. खोकला नाही, बेडका नाही, त्यामुळे टीबी कुणाच्या डोक्यातच आला नाही. खाजगीत अँटिबायोटिकचे कोर्स झाले, पैसे गेले, गाठी तिथंच. सिव्हिलला गाठीत सुई घालून नमुना काढला, सीबीनॅटला, म्हणजे टीबी शोधणाऱ्या मशीनवरच्या तपासणीला, पाठवला, टीबी निघाला. टीबी निघाला की एचआयव्हीची तपासणी करतातच. तीही पॉझिटिव्ह आली. पुढचे काही दिवस घरात कोण काय बोललं ते राहू दे.

सेंटरची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे दोन्ही आजारांच्या गोळ्या एकाच खिडकीवर मिळतात. टीबीसाठी वेगळी इमारत, वेगळा केसपेपर, असली पायपीट नाही. आणि सगळं फुकट. टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात, भाऊजींना रोज तीन होत्या. आधी टीबीचं औषध, ते अंगी लागल्यावर साधारण दोन आठवड्यांनी एचआयव्हीचं.

खरी परीक्षा तिथून पुढं. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बसत आलेली गाठ पुन्हा टरारून फुगली, तापही आला. सासूबाई म्हणाल्या, "ह्या गोळ्या बाधल्या, बंद कर." भाऊजींनीही पाकीट बाजूला सारलं होतं. पण समुपदेशक ताईंनी गोळ्या देतानाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं : "प्रतिकारशक्ती जागी झाली की ती लपलेल्या टीबीवर तुटून पडते, तेव्हा आधी बिघडल्यासारखं वाटतं. गाठ वाढली तर इकडे या, पण गोळी सोडू नका." गेलो. डॉक्टरांनी नीट तपासलं, औषध लागू होत नाहीये असं तर नाही ना याची खात्री केली, सूज उतरायची गोळी दिली आणि दोन्ही उपचार चालू ठेवले. ही सूचना आधी मिळाली नसती तर आमचा कोर्स तिथंच तुटला असता. जगात एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांचे सर्वांत जास्त बळी टीबीच घेतो, तेव्हा ते दोन मिनिटांचं बोलणं मला कुठल्याही मशीनपेक्षा मोलाचं वाटतं.

आता एक स्टार का कापला ते. टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, ते एचआयव्हीच्या डोलुटेग्राविरचा शरीरात लवकर निचरा करतं. म्हणून एचआयव्हीच्या रोजच्या गोळीनंतर 12 तासांनी डोलुटेग्राविरची 50 मिलिग्रॅमची एक जादा गोळी घ्यायची, आणि टीबीचा कोर्स संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची. एवढी महत्त्वाची गोष्ट औषधाच्या खिडकीवरच्या माणसानं मागच्या पेशंटला हाक मारता मारता सांगितली. मी परत जाऊन वहीत लिहून घेतली. ज्याला लिहिता येत नाही त्यानं काय करायचं?

दुसरं, बसायची सोय. बाकडी उघड्या व्हरांड्यात, आणि नाव मोठ्यानं पुकारतात. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात पेशंटची ओळख गुप्त ठेवायची म्हटलंय. टोकनचा नंबर पुकारायला काय खर्च येतो? भाऊजी मास्क आणि टोपी घालून खांबाआड उभे राहायचे.

निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला सरकार आहारासाठी देतं ते, महिन्याचे 1000 रुपये खात्यावर येतात. खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधीच बघा, आमचं जोडलेलं नव्हतं आणि बँकेत हेलपाटे झाले.

सहा महिने पूर्ण झाले. कार्डावर 'बरा' असं नाही, 'उपचार पूर्ण' असं लिहिलंय. गाठीच्या टीबीत बेडका निगेटिव्ह करून दाखवता येत नाही, म्हणून तसंच लिहितात. मानेत वाटाण्याएवढी गाठ राहिलीय, ती दुखत नाही, डॉक्टर म्हणाले राहू शकते. एचआयव्हीची गोळी कायमचीच.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, आणि पेशंटसोबत घरातलं कुणीतरी जा. ताई समजावून सांगतात ते दोघांनी ऐकलेलं बरं.