सॉकेट भरायला दाणे की पुट्टी?

दात काढल्यावर उरलेल्या खड्ड्यात, म्हणजे सॉकेटमध्ये, हाड भरून यावं म्हणून जो माल भरतात तो ग्राफ्ट. तो प्राण्याच्या हाडाचा म्हटलं की कोथरूडच्या पेशंटचा पुढचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, गाईचं नाही ना?" तेव्हा सिंथेटिक ठरतं. मग दाणे घ्यायचे की बायोअॅक्टिव्ह ग्लासची (हाडाशी जुळणाऱ्या काचेची) मऊ पुट्टी, एवढंच उरतं.

दाण्यांवर, म्हणजे हायड्रॉक्सिअपॅटाइट आणि बीटा-टीसीपी या दोन कॅल्शियम फॉस्फेटच्या ६०:४० मिश्रणावर, माझा राग नाही. बीटा-टीसीपी आधी विरघळतं, हायड्रॉक्सिअपॅटाइट वर्षानुवर्षं टिकून जागा धरतं. सायनस लिफ्टला (वरच्या दाढांवरच्या पोकळीचा तळ उचलून हाड वाढवताना), किंवा गालाकडची भिंतच गेलेली असेल तिथे, मेंब्रेनखाली (ग्राफ्टवर घालायच्या पातळ पडद्याखाली) मी आजही दाणेच घेईन. पुट्टी तिथे फ्लॅपच्या (वर ओढून घेतलेल्या हिरडीच्या) दाबाने दबते.

पण खालच्या दाढेच्या सॉकेटमध्ये दाण्यांचं गणित सक्शनपाशी बिघडतं. सलाईनमध्ये ओल्या वाळूइतके भिजवा, चमच्याने हळूहळू घाला, तोवर जिभेकडून लाळ येते. असिस्टंटने सवयीने सक्शन जवळ नेलं की निम्मा माल नळीत. सक्शन लांब ठेवून गॉझने टिपावं, तर दाणे गॉझला चिकटतात. उरलेले हिरडीच्या कडेला अडकतात. टाक्याच्या दोन कडांमध्ये एक जरी राहिला तरी तिथली जखम मिटायला कुरकुरते. आठवडाभर पेशंट "तोंडात रेती येते" म्हणतो. सांडतील म्हणून दाबून भरले, तर दाण्यांमधली फट बुजते आणि रक्तवाहिन्यांना शिरायला वाट राहत नाही.

पुट्टीत हा व्याप नाही. आधी पाच मिनिटं गॉझ दाबून रक्त आवरा, नाहीतर ती सैल होऊन वर तरंगते. पुट्टीच्या काडतुसाचं (कार्ट्रिजचं) टोक तळाशी न्या आणि भरत भरत मागे या. हाडाच्या कडेपर्यंतच भरा. वर ढीग केला तर तो टाक्यांतून बाहेर येतो. वर आडवा-तिडवा टाका घाला. हातमोज्याला चिकटते, हे मान्य. बोटाऐवजी ओलं गॉझ वापरा. शिवाय तिच्यातला बाइंडर (पुट्टी बांधून ठेवणारा पदार्थ) काही दिवसांत निघून जातो, म्हणून भरलेलं सगळंच ग्राफ्ट धरू नका.

चार-सहा महिन्यांनी इंप्लांटचं ड्रिल करताना पुट्टीच्या जागी हाताला कमी खरखर लागते, असं माझं मत. दाण्यांचा एक्स-रे पांढराशुभ्र दिसतो खरा, पण तो दाण्यांचाच पांढरेपणा. नवीन हाड समजून घाई करू नये.

चारही भिंती शाबूत असतील तर मी पुट्टीच उचलेन. आणि वर कोलॅजन मेंब्रेन लावणार असाल, तर तेही बहुधा गाईचं किंवा डुकराचं असतं, हे पेशंटने विचारायच्या आधीच सांगा.