क्रोबो मण्यांच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

अस्सल नमुना दाखवून आगाऊ रक्कम घ्यायची आणि पेटीत वरचा थर चांगला ठेवून खाली भलताच माल भरायचा, हा प्रकार कुणालाच नवा नाही. मलाही नव्हता. तरीही घानामध्ये राहून, क्रोबो लोकांचे काचेचे मणी स्वतःच्या हातांनी घडवायला शिकूनसुद्धा मी फसले, याची लाज अजून जात नाही.

ओडुमासे-क्रोबोच्या एका कारागिराकडे मी सहा आठवडे शिकले. टाकाऊ बाटल्या लोखंडी खलात कुटून पूड करायची, मातीच्या साच्याला आतून पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसावाच्या पानाचा देठ प्रत्येक खळग्यात मधोमध उभा करायचा, भोवती रंगीत पूड भरायची आणि साचा भट्टीत सरकवायचा. देठ जळतो आणि त्याच्या जागी भोक उरते. मग दगडावर वाळू आणि पाणी घालून मणी घासत बसायचे. असे घडलेले दोन मणी कधीच तंतोतंत सारखे नसतात.

कोफोरिदुआला दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. तिथल्या एका विक्रेत्याने आपल्या घराण्याची भट्टी असल्याचे सांगितले. ८० सर, प्रत्येकी ६५ सेडी (घानाचे चलन), एकूण ५,२०० सेडी ठरले आणि त्यांपैकी ३,००० मी मोबाइल मनीने, म्हणजे फोनवरून, लगेच पाठवले. भट्टी पाहू द्या असे म्हटल्यावर, घरात मृत्यू झाल्याने ती बंद आहे असे उत्तर मिळाले. घानामध्ये अंत्यविधीला केवढे महत्त्व असते हे जाणणाऱ्या कुणालाही पुढे आग्रह धरवला नसता. भट्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण काहीही सांगितले तरी.

माल आला त्या दिवशी त्याने वरचा सर माझ्या हातात दिला. तो अस्सल होता. मी खालचा एक उचलला. तो राफियाऐवजी, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या धाग्याऐवजी, चकचकीत नायलॉनमध्ये ओवलेला होता, मणी एकसारखे होते आणि त्यांच्यावरून बोट विनाअडथळा घसरले. सहा आठवडे काचेचा दाणेदार पृष्ठभाग घासलेल्या बोटांना त्याच क्षणी समजले होते. मात्र गाडीवाला खोळंबला आहे अशी घाई त्याने लावली आणि मी उरलेले २,२०० सेडी व गाडीभाड्याचे १४० सेडी पाठवून मोकळी झाले. तो सर उजेडात धरून एकदा भोकात पाहायला कितीसा वेळ लागला असता?

मुलीच्या दिपो विधीसाठी, म्हणजे मुली वयात आल्यावरच्या क्रोबो विधीसाठी, माझ्याकडून या सरांचा हार विकत नेलेल्या एका क्रोबो बाईंनी तो दुसऱ्या दिवशी परत आणला. त्यांनी भोकाभोवतीच्या वळसेदार रेषा दाखवल्या. वितळलेली काच सळईभोवती गुंडाळली की अशा रेषा उमटतात. पूड भाजून केलेल्या मण्यात त्या नसतात. ८० पैकी ७४ सर नकली निघाले. विकलेले ११ हार परत घेऊन प्रत्येकी १८० प्रमाणे १,९८० सेडी मी फेडले. एकूण ७,३२० सेडी गेले.

पोलीस ठाण्यात सांगितले की व्यवहार जिथे झाला तिथे जा. तिथे गेल्यावर विक्रेत्याचे ओळखपत्र मागितले, जणू फसवणारा माणूस ते हातात देऊन जातो. तिसऱ्या खेपेला हा व्यापारी वाद आहे, गुन्हा नव्हे, असे ऐकवले. मोबाइल मनीच्या कंपनीने, पिन तुम्हीच टाकला ना, एवढे एकच वाक्य चार वेळा सांगितले. ज्या क्रमांकावर पैसे गेले तो भलत्याच नावावर नोंदलेला असूनही त्यांना चौकशी करावीशी वाटली नाही. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर येणारे नाव विक्रेत्याच्या नावाशी जुळते का ते पाहा. मी पाहिले नव्हते. खरे कारागीर धगीपुढे उभे राहून एकेक साचा बाहेर काढतात, आणि त्यांच्या नावावर दुसऱ्याने खपवलेल्या मालाची साधी नोंदही कुणी घेत नाही, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे. नऊ आठवडे उलटले आणि माझ्या अर्जाला अजून क्रमांक मिळालेला नाही.